व्हीलचेअर घेऊन परदेशी नोकरीला जाणं : नागपूरकरांनो, अनुभव सांगा

खामला_सकाळ | ५ सप्टेंबर २०२५, रात्री १०:४०

नमस्कार. सहा वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांब होईल.

मी ३४ वर्षांची. २०१४मध्ये वर्धा रोडवर अपघात झाला आणि मणक्याला मार बसला. डी-१० लेव्हल, म्हणजे बेंबीच्या खाली संवेदना नाही, पाय हलत नाहीत. हात, खांदे, बोटं उत्तम. तेव्हा एम.टेक.चं शेवटचं सेमिस्टर राहिलं होतं, ते पुढच्या वर्षी पुरं केलं. गेली नऊ वर्षं मिहानमधल्या एका कंपनीत ऑटोमेशन टेस्टिंग करते. माझ्या हाताखाली पाच जण आहेत. ऑफिसला बाबा सोडतात आणि न्यायलाही तेच येतात. बाबा आता ६८चे आहेत. मागच्या उन्हाळ्यात मला गाडीतून खुर्चीत घेताना त्यांची पाठ भरली, आठ दिवस झोपून होते. त्या आठ दिवसांत मी पुष्कळ विचार केला.

एक गोष्ट सांगते, म्हणजे मी हे का विचारते आहे ते कळेल. डिसेंबर २०२१मध्ये मी पहिल्यांदा एकटी मेट्रोत बसले. छत्रपती चौक ते सीताबर्डी. लिफ्टने वर गेले, फलाट सपाट, खुर्ची सरळ डब्यात गेली, सीताबर्डीला पुन्हा लिफ्ट. सात वर्षांत पहिल्यांदा मला कोणी उचललं नव्हतं. स्टेशनबाहेर आले तर पुढे फूटपाथ तुटलेला, त्यावर लावलेल्या गाड्या, मधे उघडी नाली. दहा मिनिटं दाराशी बसले आणि आले तशीच परत गेले. पण त्या वीस मिनिटांसारखं अख्खं शहर असतं अशा जागा आहेत हे मला माहीत आहे. तिथे मला राहून पाहायचंय.

धरमपेठेतल्या एका कन्सल्टंटकडे गेले होते. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, कॅनडाचं मेडिकल असतं, तुमचं नाही होणार, पैसे घालवू नका." दुसऱ्याने फोनवरच सांगितलं, "फॉर्ममध्ये नो लिहा, एक्स-रे तर छातीचाच काढतात." दोन्ही ऐकून मन खट्टू झालं.

शरीराने अपंग असलेल्या, पण शिक्षण आणि अनुभव असलेल्या माणसाला खरंच नाकारतात का? कोणत्या देशात काय नियम आहे? कोणी स्वतः गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. मला सीआयसी करावं लागतं (दिवसातून पाच वेळा कॅथेटर), औषधं फार नाहीत, मागच्या चार वर्षांत बेडसोर नाही. हे मोकळेपणाने लिहितेय कारण उत्तर त्यावर अवलंबून असेल असं वाटतं.

---

महाल_ते_हॅमिल्टन | ६ सप्टेंबर २०२५, सकाळी ७:१५

ताई, तुम्ही सगळं मोकळं लिहिलंत हे फार बरं केलं. मी महालातला. दोन्ही पायांना पोलिओ, डाव्या पायाला लांब कॅलिपर, कुबडी. २०२१पासून कॅनडात, ओंटारिओत आहे. मेकॅनिकल डिझाइनमध्ये काम करतो.

आधी दुसऱ्या कन्सल्टंटचं. असं अजिबात करू नका. अर्जात खोटं लिहिणं किंवा लपवणं सापडलं तर पाच वर्षांची बंदी लागते. मेडिकल करणारा डॉक्टर तुम्हाला समोर पाहतो, तपासतो, लिहून पाठवतो. लपणार काय आहे त्यात? असा सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही, पाच वर्षं तुमची जातात.

आता पहिल्या कन्सल्टंटचं. ते अर्धवट ऐकून बोलून राहिले. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यात कलम ३८ आहे. तुमच्यामुळे तिथल्या सरकारी आरोग्य आणि सामाजिक सेवांवर "एक्सेसिव्ह डिमांड" पडणार असेल तर नकार देता येतो. अपंगत्व हे नकाराचं कारण नाही, खर्चाचा अंदाज हे कारण आहे. आणि त्या खर्चाला आकडा आहे. २०२५साठी वर्षाला २७,१६२ डॉलर, म्हणजे पाच वर्षांचे १,३५,८१०. तुमच्या आजारावर सरकारचा याहून जास्त खर्च होईल असं त्यांचं मत पडलं तरच प्रश्न येतो.

२०१८च्या आधी हा आकडा याच्या एकचतुर्थांशाजवळ होता आणि त्यात विशेष शिक्षण, पुनर्वसन, घरी येणाऱ्या मदतनिसाची सेवा हे सगळं धरत. पुष्कळ कुटुंबं त्यात अडकली. २०१८मध्ये मर्यादा तिप्पट केली आणि या सेवा हिशेबातून काढल्या. तुमच्यासारखीला हाच बदल सगळ्यात मोठा. धरमपेठेतले साहेब बहुतेक त्याच्या आधीचं सांगत असावेत. त्याच्याही आधी २००५मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने हिलेविट्झ खटल्यात सांगितलं होतं की नुसतं आजाराचं नाव पाहून नाकारता येणार नाही, त्या माणसाची खरी गरज किती आणि घरच्यांची परिस्थिती काय हे पाहावं लागेल.

माझ्या मेडिकलला काय झालं ते सांगतो. हे फक्त त्यांच्या यादीतल्या पॅनेल फिजिशियनकडेच करावं लागतं. मी मुंबईत केलं. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी. डॉक्टरांनी कॅलिपर काढायला लावला, चालवून पाहिलं, जिना चढता का, अंघोळ स्वतः करता का असं विचारलं. पास-नापास ते ठरवत नाहीत, ते फक्त रिपोर्ट पाठवतात. तीन आठवड्यांनी आणखी कागद मागितले, याला लोक फर्दरन्स म्हणतात. ते आलं की घाबरायचं नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टरचं पत्र मागितलं होतं.

त्या पत्रावर मी खूप मेहनत घेतली. माझ्या डॉक्टरांनी आधी चार ओळी लिहून दिल्या, "के/सी/ओ पोलिओ, बोथ लोअर लिंब्ज, ९० टक्के परमनंट डिसॅबिलिटी." मी त्यांच्याकडे परत गेलो. म्हटलं सर, टक्के तिथे कोणाला कळत नाहीत. हा माणूस स्वतः काय करतो, कोणती औषधं घेतो, गेल्या पाच वर्षांत किती वेळा अ‍ॅडमिट झाला, पुढच्या पाच वर्षांत कोणत्या ऑपरेशनची शक्यता आहे, कॅलिपर किती वर्षांनी बदलतो आणि त्याला किती रुपये लागतात, एवढं लिहा. त्यांनी दोन पानं लिहिली. तेवढ्यावर झालं.

तुमच्या केसमध्ये माझा अंदाज असा की खुर्चीपेक्षा किडनीकडे जास्त पाहतील. माझ्या रक्तात क्रिएटिनिनही पाहिलं होतं. मणक्याच्या इजेत लघवीचं नीट सांभाळलं नाही तर पुढे किडनीवर जातं, आणि डायलिसिस हा मोठा खर्च. तेव्हा युरोलॉजिस्टचं पत्र, ताजी सोनोग्राफी, क्रिएटिनिन हे आधीच हातात ठेवा. चार वर्षं बेडसोर नाही हेसुद्धा लिहून घ्या. नकाराचा विचार सुरू झाला तर ते आधी पत्र पाठवतात आणि उत्तराला ९० दिवस देतात. थेट दार लावत नाहीत.

आणखी एक. २१ ऑगस्ट २०२५पासून एक्स्प्रेस एन्ट्रीत (पॉइंट मोजून पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, द्यायची कॅनडाची पद्धत) अर्ज भरायच्या आधीच मेडिकल करून जोडावं लागतं. पूर्वी नंतर सांगायचे.

आता खरी अडचण सांगतो, रागावू नका. तुमची अडचण खुर्ची नाही, पॉइंट आहेत. ३४ वय, एकटी, ८३. एम.टेक. १३५. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सीएलबी १० (कॅनडाची भाषेची पातळी) आलं असं धरू, १३६. शिक्षण आणि भाषा मिळून ५०, अनुभव आणि भाषा मिळून ५०. बेरीज ४५४. पस्तिसावा वाढदिवस झाला की सहा गेले. आणि पूर्वी जॉब ऑफरचे पॉइंट मिळायचे, ते या मार्चमध्ये बंद केले. सध्या ४५४वर साध्या ड्रॉत (जास्त पॉइंटवाल्यांना बोलावण्याची फेरी) बोलावणं येणं कठीण आहे. फ्रेंच शिकलात तर चित्र बदलतं. चारही भागांत सात आलं तर ५० बोनस आणि वर १२, म्हणजे ५१६. शिवाय फ्रेंचवाल्यांचे वेगळे ड्रॉ असतात, मार्च २०२५च्या एका ड्रॉचा कटऑफ तर ३७९ होता.

---

रेशीमबाग_०७ | ६ सप्टेंबर २०२५, सकाळी ९:०२

महाल दादा, हा प्रतिसाद जपून ठेवतो आहे. माझ्या मामेभावाचा उजवा हात कोपरापासून नाही, सीए आहे. त्यालाही असंच "नाही होणार" म्हणून घरी पाठवलं होतं.

---

पेन्शनर_मानेवाडा | ६ सप्टेंबर २०२५, दुपारी १:३०

बेटा, वडिलांच्या वयाचा आहे म्हणून बोलतो. २०१६च्या कायद्यानं सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखीव आहेत. तुझं शिक्षण एवढं चांगलं. इथे घर आहे, आईवडील आहेत, मेडिकल, मेयो, आता एम्स ही रुग्णालयं जवळ आहेत. तिकडे आजारी पडलीस तर ग्लासभर पाणी कोण देईल? माझ्या बहिणीची मुलगी धडधाकट असूनही तिकडे एकटेपणानं खचली. नको जाऊ असं म्हणत नाही, पण नीट विचार कर.

---

खामला_सकाळ | ६ सप्टेंबर २०२५, रात्री ११:२०

काका, तुमचं बोलणं मनाला लागलं, पण वाईट वाटलं नाही. आईही हेच म्हणते, शब्दही हेच, ग्लासभर पाण्याचे.

सरकारी परीक्षा दोनदा दिली आहे. एकदा केंद्र दुसऱ्या मजल्यावर आलं, लिफ्ट नव्हती. परीक्षा सुरू व्हायला पंधरा मिनिटं असताना दोन अनोळखी मुलांनी मला खुर्चीसकट वर नेलं. त्यांचे आभार मानायचे की रडायचं हे मला कळत नव्हतं, आणि त्याच हाताने मग पेपर लिहिला. नोकरी मिळाली असती तरी पोस्टिंग कुठे, त्या इमारतीत संडास कसा, हे प्रश्न होतेच. मी दिवसभर पाणी मोजून पिते, काका. ऑफिसमध्ये माझ्या मजल्यावरच्या टॉयलेटचं दार खुर्चीपेक्षा तीन इंच अरुंद होतं. ते रुंद करून घ्यायला मला चौदा महिने पत्रव्यवहार करावा लागला. ग्लासभर पाणी कोण देईल हा प्रश्न मला इथेही आहे. इथे ते बाबा देतात, आणि बाबांनंतरचं कोणी बोलत नाही.

महाल दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. ४५४ पाहून वाईट वाटायला हवं होतं. उलट मला बरं वाटलं. कोणीतरी माझा हिशेब इतरांसारखाच केला.

---

वऱ्हाडी_मेलबर्न | ७ सप्टेंबर २०२५, पहाटे ५:५०

ऑस्ट्रेलियाचं मी सांगते. मूळची अकोल्याची, नागपूरला होस्टेलवर होते. इथला नियम जास्त कडक आहे आणि तो आधी समजून घेतलेला बरा.

इथेही आकडाच पाहतात. "सिग्निफिकंट कॉस्ट" ५१,००० डॉलर असेल तर नापास. फरक असा की मदतनिसाच्या, अपंगत्वाच्या सेवा इथे हिशेबात धरतात. आणि तुम्ही त्या घेणार नाही, स्वतः पैसे भरू म्हणालात तरी सहसा चालत नाही. तुमच्यासारखी स्थिती असलेल्या काल्पनिक माणसाला किती खर्च येईल असं धरून मोजतात. शिवाय घरातला एक नापास तर सगळे नापास. २००८मध्ये व्हिक्टोरियातल्या हॉर्शम गावात एका जर्मन डॉक्टरच्या कुटुंबाला याच कारणाने पीआर नाकारली, मुलाला डाऊन सिंड्रोम होता. गावात डॉक्टरची गरज होती, गाव पाठीशी उभं राहिलं, शेवटी मंत्र्याने हस्तक्षेप केला. पण प्रत्येकाच्या नशिबी मंत्री नसतो. अपंगांशी भेदभाव करू नये असा इथला १९९२चा कायदा आहे, पण इमिग्रेशनच्या कायद्याला त्यातून सूट दिलेली आहे. याचा मला मनापासून राग येतो. मी इथे नर्स आहे, माझ्या वॉर्डात खुर्चीवर बसून काम करणारी एक अप्रतिम फार्मासिस्ट आहे. ती इथे जन्मली म्हणून आहे.

---

महाल_ते_हॅमिल्टन | ७ सप्टेंबर २०२५, सकाळी ६:४०

मेलबर्न ताई, एक दुरुस्ती. ५१,००० जुना आकडा. १ जुलै २०२४पासून तो ८६,००० झालाय. न्यूझीलंडनेही २०२२मध्ये ४१,०००वरून ८१,००० केला, त्यांच्या डॉलरमध्ये.

---

वऱ्हाडी_मेलबर्न | ७ सप्टेंबर २०२५, सकाळी ८:१०

बरोबर, ८६,०००. धन्यवाद, माझ्या डोक्यात जुनाच होता. एक राहिलं : काही एम्प्लॉयर स्पॉन्सर्ड व्हिसांमध्ये या अटीतून माफी मागता येते, १८९ या स्वतंत्र स्किल्ड व्हिसात नाही. म्हणजे ऑस्ट्रेलिया हवाच असेल तर आधी कंपनी शोधा.

---

सदर_फिजिओ | ७ सप्टेंबर २०२५, दुपारी ४:००

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सदरला बसते. मणक्याच्या इजेचे पेशंट वीस वर्षं पाहते आहे, त्यातले दोघं बाहेर गेले. व्हिसाचं मला कळत नाही, शरीराचं सांगते.

थंडी. तुम्हाला पायाला गार लागल्याचं कळणार नाही. उणे पंधरात बोटं काळीनिळी पडली तरी दुखणार नाही. घरी आल्यावर रोज पाय डोळ्यांनी पाहायचे, आरसा ठेवा. आणि याच्या उलट, गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपायचं नाही, कधीच नाही. माझा एक पेशंट दिल्लीच्या थंडीत असा भाजला, सहा महिने जखम भरली नाही. हीटरपासूनही पाय लांब.

विमान. खुर्ची विमानात बसायला मिळत नाही, सामानात जाते. सीटच्या कडक गादीवर चौदा तास म्हणजे बेडसोरला आमंत्रण. स्वतःची गादी सोबत घ्या, ती सीटवर ठेवायची, पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलायचं, फोनवर गजर लावून. मदत हवी हे विमान कंपनीला ४८ तास आधी कळवा, त्याचे पैसे लागत नाहीत. खुर्चीला बॅटरीचं चाक असेल तर वॉट-अवर पाहून ठेवा. काढता येणारी लिथियम बॅटरी ३००पर्यंत चालते, ती हातातल्या बॅगेत घ्यायची. खुर्चीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. मोडून आली तर भांडायला लागतात.

खांदे. यावर कोणी बोलत नाही. तुमचे खांदे हेच आता तुमचे पाय आहेत. खुर्ची हलकी घ्या. आपल्याकडे मिळते ती वीस किलोची हॉस्पिटलची खुर्ची रोज चालवून पस्तिशीत खांदा गेलेले लोक मी पाहिलेत. जायच्या आधी एकदा या, फी नको. खांदे पाहून देते आणि पत्रही लिहून देते.

---

जयपूरफूट_श्टुटगार्ट | ७ सप्टेंबर २०२५, रात्री ९:३०

कोणी जर्मनी म्हटलं नाही अजून, म्हणून लिहितो. मी इतवारीतला. कॉलेजात असताना रेल्वेत पाय गेला, गुडघ्याखाली. जयपूर फूटवर इंजिनिअरिंग केलं, जयपूर फूटवर इथे आलो.

जर्मनीच्या ब्लू कार्डला (शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा परवाना) मेडिकलच नाही. परत वाचा, ताई. नोकरीचा करार, मान्य पदवी, ठरलेला पगार आणि आरोग्य विमा. २०२५साठी पगाराची अट वर्षाला ४८,३०० युरो, आणि आयटी, इंजिनिअरिंगसारख्या टंचाईच्या कामांना ४३,७५९. नोकरदाराला सरकारी विमा संस्था घेतेच, आधी काय आजार आहे ते विचारून नाकारत नाही. आल्यावर इथल्या कार्यालयात अपंगत्वाचा अर्ज करायचा. ते १००पैकी आकडा देतात, ५०पासून पुढे कार्ड मिळतं. मला ५०. तुमचं बरंच वर जाईल. त्या कार्डावर वर्षाला पाच दिवस जास्त रजा मिळते, भरपगारी. वीस किंवा त्याहून जास्त जागा असलेल्या कंपनीने पाच टक्के जागा आपल्यासारख्यांना द्यायच्या, नाहीतर दर महिन्याच्या हिशेबाने भरपाई भरायची असा कायदा आहे.

नवीन पाय मला विम्यातून मिळाला. खिशातले दहा युरो गेले. मोजमाप घ्यायला जो माणूस होता, त्याने माझा जुना जयपूर फूट हातात घेऊन खूप वेळ पाहिला. म्हणाला, याच्यावर तू किती चाललास? मी म्हटलं, इतवारी ते सीताबर्डी, रोज, चार वर्षं. त्याने तो पाय फेकायला दिला नाही, माझ्या पिशवीत ठेवला. अजून कपाटात आहे.

वाईट बाजूही सांगतो. घर. जुन्या इमारतींना लिफ्ट नाही आणि नव्यांची भाडी फार. खुर्ची फिरेल असं घर शोधायला तुम्हाला महिने लागतील, कंपनीला आधीच सांगा. गावोगावच्या स्टेशनांवर फलाट आणि डब्याची उंची जुळत नाही, रेल्वेची मदत आधी फोन करून ठरवावी लागते. आणि भाषा. काम इंग्रजीत चालेल, पण डॉक्टर, कार्यालयं, शेजारी सगळं जर्मन. इथे येऊन शिकू म्हणू नका, तिथूनच ए-टू ही भाषेची पातळी तरी करून या. त्याच्या वरची बी-वन झाली तर २१ महिन्यांत कायमच्या परवान्याला अर्ज करता येतो, नाहीतर २७.

अर्जात खुर्चीचं लिहायचं की नाही हे तुमच्या मनावर. मी पहिल्या दहा अर्जांत लिहिलं नव्हतं, पुढच्या वीसमध्ये लिहिलं. जिथे नोकरी लागली तिथे लिहिलं होतं.

---

लीड्सवासी | ८ सप्टेंबर २०२५, दुपारी २:१५

यूके थोडक्यात. स्किल्ड वर्कर व्हिसाला फक्त टीबीची तपासणी, अपंगत्वावर नकार नाही. पण २२ जुलै २०२५पासून पगाराची अट ४१,७०० पौंड झाली आहे आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, तो सगळ्या वर्षांचा आधीच भरायचा. पीआरपर्यंत अपंगत्वाचे सरकारी भत्ते मिळत नाहीत. कंपनीने मात्र आवश्यक त्या सोयी करून दिल्याच पाहिजेत, २०१०चा समानतेचा कायदा आहे.

---

नंदनवनची_आई | ९ सप्टेंबर २०२५, सकाळी ११:००

मला टायपिंग जमत नाही, सून लिहून देते आहे. माझ्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, बोलणं थोडं अडखळतं, चाल वाकडी. तो प्रोग्रॅमर आहे, टोरंटोला चार वर्षं झाली. जायच्या आधी सहा महिने मी त्याला कुकर लावायला शिकवलं. त्याच्या हातून पळी सांडायची, मी हात धरायला जायची, तो म्हणायचा आई, दूर हो. मला दूर होणं फार जड गेलं. मग मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची, शिट्ट्या मोजत.

आता तो तिकडे सकाळी उठला की आमची संध्याकाळ असते, उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा. तो वरणाला फोडणी देताना फोन चालू ठेवतो. मागच्या वर्षी बर्फात पडला, मनगट मोडलं. मला चार दिवसांनी सांगितलं. मी खूप चिडले. त्यानं सांगितलं, शेजारची म्हातारी बाई रोज सूप आणून देत होती.

बाळा, तुझ्या आईला माझा नंबर दे. ती माझ्याशी बोलू दे. तू जाशील की नाही ते तू पाहा, पण तुझ्या आईनं शिट्ट्या मोजायची सवय आतापासून करावी.

---

खामला_सकाळ | ९ सप्टेंबर २०२५, रात्री १०:१५

काकू, आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने म्हणाली, उद्यापासून ओटा तुझ्या उंचीचा करून घेऊ. सुतार रविवारी येतोय. व्यवस्थापकांमार्फत तुम्हाला निरोप पाठवला आहे.

सर्वांना नमस्कार. मी जर्मनीचं पाहते आहे, फ्रेंच की जर्मन यात जर्मन निवडते. फिजिओ ताई, शनिवारी येते.

---

रेशीमबाग_०७ | १४ जानेवारी २०२६, रात्री ८:००

धागा वर काढतो. ताई, काही कळलं का पुढे? तिळगूळ घ्या.

---

खामला_सकाळ | १९ जानेवारी २०२६, रात्री ११:५०

आहे, आहे. ए-वन झालं, ए-टूचा क्लास पहाटे सहाला ऑनलाइन असतो. त्रेचाळीस अर्ज केले. श्टुटगार्टच्या दादांनी सीव्ही तीनदा दुरुस्त करून दिला, त्यांचे उपकार कसे फेडू. आधी माझं कॉलेज जर्मनीच्या यादीत मान्य आहे का ते अनाबिनच्या साइटवर तपासायला लावलं, ते बघितल्याशिवाय एकही अर्ज करू दिला नाही.

खुर्चीचं पहिल्या अर्जापासून लिहिलं. सहा मुलाखती झाल्या. एका मुलाखतीत त्यांनी कामाचं सगळं विचारून झाल्यावर शेवटी विचारलं, तुमच्या टेबलाची उंची किती लागेल आणि दरवाजा किती रुंद. मी सेंटिमीटरमध्ये सांगितलं, पाठच आहे. नंतर कॅमेरा बंद करून थोडा वेळ तशीच बसले. चौदा महिन्यांचा तो पत्रव्यवहार आठवला.

त्यांचं अजून काही कळलेलं नाही.

---

खामला_सकाळ | ११ एप्रिल २०२६, सायं. ६:३०

त्याच कंपनीचा करार आला. शहर छोटं आहे, नाव नंतर सांगेन. घर कंपनीच शोधून देते आहे, तळमजला, बाथरूममध्ये उंबरा नसलेलं. पगार ब्लू कार्डच्या अटीत बसतो.

बाबांनी करार दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि विचारलं, तिथे सकाळी ऑफिसला कोण सोडेल? मी सांगितलं, ट्राम. घरापासून चारशे मीटर, रस्ता मी नकाशावर फोटोंमध्ये पूर्ण पाहिला आहे, फूटपाथ उतरता आहे. बाबांनी तो रस्ता माझ्याकडून पुन्हा एकदा पाहून घेतला, हळूहळू, प्रत्येक कोपरा.

व्हिसाची अपॉइंटमेंट २३ तारखेला मुंबईत आहे. आईबाबा येतो म्हणतात. पण मला हा प्रवास एकटीने करायचा आहे, जायच्या आधी एकदा तरी. २२च्या रात्री दुरंतोने निघते. नागपूर स्टेशनवर गाडीत चढवायला बाबा आहेत. मुंबईत उतरताना मात्र एक माणूस लागेल, खुर्ची खाली घ्यायला. मी स्वतः उतरेन, फक्त खुर्ची कोणी धरली पाहिजे. कोणी मुंबईत आहे का?

---

रेशीमबाग_०७ | ११ एप्रिल २०२६, सायं. ६:५२

अभिनंदन ताई!! मी डिसेंबरपासून ठाण्यात आहे, नोकरीसाठी. सीएसएमटीला सकाळी येतो. मामेभाऊही येईन म्हणतोय, त्याला तुमच्याशी जर्मनीचं बोलायचंय. तुमची खुर्ची किती किलोची आहे, आणि घडी कुठून घालायची त्याचा एक फोटो पाठवून ठेवा.

---

खामला_सकाळ | ११ एप्रिल २०२६, सायं. ७:०५

अकरा किलो, नवीन घेतली, फिजिओ ताईंनी निवडून दिली. घडी सीटखालचा पट्टा वर ओढून. फोटो पाठवते. चाकाच्या कडीला धरून उचलायची नाही, फ्रेमला धरायची.

---

रेशीमबाग_०७ | ११ एप्रिल २०२६, सायं. ७:०९

फ्रेमला. लक्षात ठेवतो. डबा कोणता मिळाला ते कळवा, मी त्या जागी आधीच उभा राहतो.